बंद खोली

गॉथिक कथेत कोंडून ठेवणारा बहुतेक वेळा घरचाच असतो. शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मध्ये (१८९२) तो नवरा आहे, आणि डॉक्टरही. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, बायकोला लिहायची बंदी. आणि हे सगळं तिच्या प्रकृतीच्या काळजीपोटी! या काळजीचीच खरी भीती वाटते.

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) ही बंदी राजवटीचा कायदा होते. नायिका ऑफ्रेडच्या खोलीतलं झुंबर काढून टाकलंय, कारण त्याला दोर बांधता आला असता. मरणंसुद्धा तिच्या हाती ठेवलेलं नाही.

तरीही लिहिणं थांबत नाही. ऑर्वेलच्या ‘१९८४’मधला विन्स्टन टेलिस्क्रीनच्या नजरेआडच्या कोपऱ्यात रोजनिशी लिहितो. गिलमनची नायिकाही चोरूनच लिहिते. ऑफ्रेडची कहाणी मागे उरते ती कॅसेटवर.