मुंबईच्या नांवाचा रक्तगट

एका माणसाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत घातलें असतां कधीं रोगी वांचतो, तर कधीं पाहतां पाहतां दगावतो, हें वैद्यांना पुष्कळ काळापासून ठाऊक होतें. असें कां होतें, हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें. सन १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथील कार्ल लॅंडस्टायनर या तरुण वैद्यानें आपलें व आपल्या सहकाऱ्यांचें रक्त घेऊन त्यांतील तांबड्या पेशी व रक्तद्रव निराळे केले, आणि एकाच्या पेशींत दुसऱ्याचा द्रव मिसळून पाहिला. कांहीं जोड्या जशाच्या तशा राहिल्या. कांहींत मात्र दूध नासावें त्याप्रमाणें पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९०१ सालीं त्यानें ए, बी व सी असे तीन गट जाहीर केले. चौथा एबी हा गट विरळा, म्हणून तो पुढल्या वर्षीं इतरांस सांपडला. सी या गटाचें पुढें ओ असें नामांतर झालें. ज्याच्या पेशींवर ए नाहीं आणि बीहि नाहीं, तो ओ. जर्मन भाषेच्या देशांत त्यास आजहि ‘शून्य’ असेंच म्हणतात.

ज्याच्या पेशींवर जें चिन्ह नसेल, त्याविरुद्धचें प्रतिद्रव्य त्याच्या रक्तद्रवांत असतें. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही चिन्हें नसल्यामुळें हें रक्त सर्वांस चालणारें ठरलें, आणि पहिल्या महायुद्धापासून कित्येक जखमी सैनिकांस त्यानें जीवदान दिलें.

हे गट आनुवंशिक आहेत, हें हायडेलबर्ग येथें फॉन डुंगेर्न व हिर्शफेल्ड यांनीं १९१० सालीं दाखविलें. त्याचें नेमकें गणित मात्र ग्योटिंगेन येथील फेलिक्स बर्नस्टाइन या गणित्यानें बसविलें. इतरांनीं देशोदेशीं जमविलेले आंकडे पुढें घेऊन १९२४ सालीं त्यानें सिद्ध केलें कीं, ए, बी व ओ हीं एकाच जागीं बसणाऱ्या जनुकाचीं तीन रूपें असून प्रत्येक मूल त्यांतील एक बापाकडून व एक आईकडून घेतें. ओ गटाच्या माणसाजवळ देण्यास ओ शिवाय दुसरें कांहींच नाहीं. म्हणून त्याला एबी गटाचें अपत्य होणें अशक्य. हा नियम इतका निःसंशय वाटला कीं, जर्मनीसारख्या देशांतील न्यायालयें लवकरच पितृत्वाच्या वादांत त्याचा आधार घेऊं लागलीं. नवऱ्याचा गट ओ आणि मुलाचा एबी, एवढें दिसलें कीं स्त्रीच्या शीलाचा निकाल लागलाच!

या निःसंशयतेला धक्का बसला तो मुंबईंत. १९५२ सालीं डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया या मुंबईच्या वैद्यांनीं लंडनच्या रेस, सॅंगर, मॉर्गन व वॉटकिन्स या संशोधकांसमवेत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक टिपण प्रसिद्ध केलें. त्यांत तीन माणसांच्या रक्ताची हकीकत होती. नेहमींच्या परीक्षेंत तें रक्त ओ सारखेंच दिसे. परंतु ओ गटाच्या पेशी त्याच्या द्रवांत मिसळल्या कीं त्यांच्याहि गुठळ्या होत. ज्या रक्तास शून्य म्हणावयाचें, त्याविरुद्धहि या तिघांच्या शरीरांत प्रतिद्रव्य होतें. अर्थात् शून्य हें शून्य नव्हतें. ओ च्या पेशींवर कांहीं तरी होतें, आणि या तिघांच्या पेशींवर तेंहि नव्हतें.

तें ‘कांहीं तरी’ म्हणजे एच. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हीं दोघें लंडनच्या लिस्टर संस्थेंत त्याच शोधांत गुंतलीं होतीं. तांबड्या पेशींवरून हे पदार्थ पुरेसे मिळत नाहींत, म्हणून स्त्रियांच्या अंडाशयांतील गांठींचा द्रव घेऊन त्यांनीं त्यांचें पृथक्करण केलें. आढळलें तें असें कीं, गटागटांतील भेद हा साखरेच्या एकेका कणाचा आहे. पेशीवरील साखळीच्या टोंकास फ्यूकोज नांवाची साखर जोडली कीं एच तयार होतो. त्यावर एक प्रकारचा गॅलॅक्टोसामीन चढला तर ए, साधा गॅलॅक्टोज चढला तर बी, आणि कांहींच न चढलें तर ओ. एच ही भिंतींतली खुंटी; तिच्यावर पगडी अडकवा, टोपी अडकवा, किंवा ती रिकामी ठेवा. मुंबईच्या त्या तिघांच्या भिंतीला खुंटीच नव्हती.

जनुक साखर देत नसून ती साखर जोडणारें विकर देतें, हें या विरळ रक्तावरून विशेष स्पष्ट झालें. पुढें असेंहि ठरलें कीं, एच चें जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि ए-बी चें नवव्यावर आहे. म्हणजे दोहोंचा वारसा स्वतंत्र. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हिन यांच्यापुढें इटालियन वंशाचें एक कुटुंब आलें. आई ओ दिसत होती आणि तिची मुलगी एबी होती. जुन्या नियमाप्रमाणें ती तिची मुलगीच नव्हे! वास्तविक आईजवळ बी चें जनुक होतें, परंतु खुंटीअभावीं तें दिसत नव्हतें. मुलीस एच मिळाला आणि आईचा बी तिच्या रक्तांत प्रकट झाला. १९५२ पूर्वीं बापाच्या बाबतींत हाच प्रसंग आला असतां, तर त्या घरांत काय झालें असतें याची कल्पनाच करावी.

या गटास मुंबईचें नांव पडलें तें शोध तेथें लागला म्हणून. हा कांहीं रोग नव्हे. असा माणूस एरव्हीं पूर्णपणें निरोगी असतो. यूरोपांत हें रक्त अत्यंत दुर्मिळ आहे. मुंबईंत केलेल्या व १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तें सुमारें ७,६०० माणसांत एकाचें आढळलें. धोका आहे तो परीक्षा अर्धवट केल्यास. केवळ ए व बी यांपुरती तपासणी केली तर त्या माणसाची नोंद ओ अशीच होते, आणि ओ चें रक्त त्यास विषासमान ठरतें. म्हणून त्याचा द्रव ओ च्या पेशींशीं ताडून पाहावा लागतो. पेशींवर एच आहे कीं नाहीं हें पाहण्यास यूरोपांतील गॉर्स या पिवळ्या फुलांच्या कांटेरी झुडपाच्या बियांचा अर्क उपयोगी पडतो.

अशा रुग्णास केवळ आपल्याच गटाचें रक्त चालतें. बहुधा त्याच्या आईबापांपाशीं एच चें एकेक सदोष जनुक असतें. तसें असल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्यांत हा गट उतरण्याचा संभव चारांत एक इतका असतो. यामुळें गट ओळखूं येतांच प्रथम बोलावणें जातें तें सख्ख्या भावंडांस. शस्त्रक्रिया आधीं ठरलेली असेल तर रुग्णाचेंच रक्त काढून जपून ठेवतां येतें. अपघात झाल्यास मात्र नोंदवह्यांतून दाता शोधावा लागतो, आणि तो दुसऱ्या गांवीं सांपडला तर तेथून रक्त येईपर्यंत रुग्णास तग धरावा लागतो.