डोलता आस व स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे मार्गस्थैर्य

डोलता आस व स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे मार्गस्थैर्य : वळण घेत असताना चालकाने ठरविलेल्या मार्गावर टिकून राहण्याच्या मोटारगाडीच्या गुणाला मार्गस्थैर्य म्हणतात. स्पोर्ट्‌स मोटारगाडीत हा गुण विशेष महत्त्वाचा असतो. कारण ती वेगाने वळविण्यासाठीच घेतलेली असते. १९५० ते १९७० या काळातील अनेक नामांकित स्पोर्ट्‌स गाड्या या बाबतीत सदोष होत्या. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दोषाचे मूळ एकाच भागात, म्हणजे मागील चाकांच्या डोलत्या आसात होते. हा आस कसा प्रचारात आला, त्याने कोणते धोके निर्माण केले आणि ते कमी करण्यासाठी कोणते उपाय योजण्यात आले, यांचा इतिहास जुन्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने आजही उपयुक्त आहे.

रचना व दोष : जुन्या पद्धतीच्या गाड्यांत मागील दोन्ही चाके एकाच ताठ आसावर बसविलेली असत. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरपे होई. डोलत्या आसाच्या रचनेत मध्यभागी असलेली विभेदक दंतचक्रमाला (दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) गाडीच्या साट्याला पक्की जोडलेली असते व तिच्यापासून दोन्ही बाजूंना एकेक अर्धआस निघतो. अर्धआसाच्या आतल्या टोकाशी जोड असतो, बाहेरच्या टोकाशी मात्र चाक पक्के बसविलेले असते. त्यामुळे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ शकते. रचना साधी, हलकी व स्वस्त असून खराब रस्त्यावर ती ताठ आसापेक्षा निश्चितच सुखकर ठरते.

परंतु चाक अर्धआसाला पक्के जोडलेले असल्यामुळे ते वरखाली होताना दाराप्रमाणे कंस काढते व त्याचा झुकाव सतत बदलत राहतो. गाडीचा मागील भाग उचलला गेला म्हणजे चाकांचा खालचा भाग आत ओढला जातो आणि वरचा भाग बाहेर कलतो. वळणावर नेमके हेच घडते. वळणाच्या बाहेरील बाजूच्या टायरवर रस्त्याकडून आतल्या दिशेने बल लागते. हे बल जमिनीलगत लागते व अर्धआसाचा जोड मात्र जमिनीपासून बराच उंच असतो. त्यामुळे त्या बलाचा काही अंश गाडीला वर उचलण्यात खर्ची पडतो. गाडी उचलली गेली की बाहेरचे चाक तिच्याखाली दुमडू लागते, टायर केवळ कडेवर टेकतो, त्याची पकड घटते आणि मागील भाग वळणाच्या बाहेर घसरतो.

या दोषाचे सर्वांत भयावह अंग यांत्रिक नसून मानवी आहे. आपण वळणात फार वेगाने शिरलो असे वाटताच कोणताही चालक प्रवेगकावरचा पाय काढतो किंवा ब्रेक दाबतो. असे करताच भार पुढील चाकांकडे सरकतो, मागील भाग हलका होऊन उचलला जातो आणि चाके अधिकच दुमडतात. म्हणजे घाबरलेल्या माणसाची स्वाभाविक प्रतिक्रियाच अपघातास कारणीभूत होते. सावकाश जाणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे जाणवतही नाही. जाणवतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

प्रसार : डोलत्या आसाचे एकस्व ऑस्ट्रियन अभियंते एटमुंट रुंप्लर (१८७२–१९४०) यांनी १९०३ मध्ये घेतले. १९२३ मध्ये हान्स लेडविंका (१८७८–१९६७) यांनी चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीच्या ११ या गाडीत तो मध्यवर्ती नळीच्या साट्यास जोडला. पुढे फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांच्या फोक्सवॅगन गाडीमुळे तो घरोघरी पोहोचला. स्पर्धेच्या गाड्यांतही त्याला काही काळ मानाचे स्थान होते. १९३४ च्या मर्सिडीझ-बेंझ डब्ल्यू २५ व आउटो युनिओन या दोन्ही जर्मन गाड्यांत मागे डोलता आसच होता. त्या चालविणे किती दुष्कर असे याच्या हकिगती प्रसिद्ध आहेत. मर्सिडीझने १९३७ मध्ये व आउटो युनिओनने १९३८ मध्ये स्पर्धेच्या गाड्यांत द दियाँ पद्धतीचा आस स्वीकारला. या पद्धतीत विभेदक साट्याला जोडलेला असूनही दोन्ही चाके एका नळीने परस्परांशी समांतर राखली जातात. अर्थात डोलत्या आसाचे अवगुण स्पर्धा-अभियंत्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच पुरते कळले होते. तरीही युद्धोत्तर काळात तो सामान्य ग्राहकांच्या गाड्यांत राहिला, याचे मुख्य कारण त्याची स्वस्ताई हेच म्हटले पाहिजे.

हेरल्ड व स्पिटफायर : इंग्लंडमधील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये ट्रायम्फ हेरल्ड ही लहान गाडी बाजारात आणली. तिला सांगाडे पुरविणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या हाती गेली होती. म्हणून स्टँडर्ड-ट्रायम्फने हेरल्डसाठी स्वतंत्र साटा व त्यावर बोल्टांनी जोडावयाचे सुटे सांगाडे अशी योजना केली. तिच्या मागील निलंबनात (चाके व साटा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक इत्यादींच्या योजनेत) डोलता आस होता. विभेदकाच्या माथ्यावर पाट्यांची एक आडवी स्प्रिंग घट्ट आवळलेली असे व तिची टोके दोन्ही चाकांच्या उभ्या दुव्यांना जोडलेली असत.

याच साट्याची लांबी कमी करून स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी तयार करण्यात आली. तिचे बाह्यरूप इटालियन आकारतज्ञ जोव्हान्नी मिकेलोत्ती (१९२१–८०) यांचे व अभियांत्रिकी हॅरी वेब्स्टर (१९१७–२००७) यांची होती. कंपनीच्या आर्थिक ओढग्रस्तीमुळे तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडला होता. १९६१ मध्ये लेलँड कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतल्यावर तो नव्या चालकांच्या दृष्टीस पडला आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये गाडी लंडनच्या प्रदर्शनात झळकली. १,१४७ घ. सेंमी. क्षमतेचे ६३ अश्वशक्तीचे एंजिन, सु. ७०० किग्रॅ. वजन आणि जेमतेम सात-सव्वासात मी. व्यासाच्या वर्तुळात वळण्याची क्षमता यांमुळे ती लोकप्रिय झाली. १९८० पर्यंत तिच्या तीन लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या. मात्र हेरल्डमध्ये खपून जाणारा आसाचा दोष, वजनाने हलक्या व वेगाने वळविल्या जाणाऱ्या स्पिटफायरमध्ये उघडा पडला.

भारताचाही या आसाशी संबंध आला. मद्रास (आता चेन्नई) येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड या नावाने ही गाडी तयार केली व पुढे चार दारांची खास भारतीय आवृत्तीही काढली. डोलता आस येथील ग्राहकांना व कारागिरांना फारसा पसंत पडला नाही. १९७० नंतरच्या स्टँडर्ड गॅझेल या हेरल्डवरच आधारलेल्या गाडीत कंपनीने तो काढून ताठ आस बसविला. स्वतंत्र निलंबनाकडून ताठ आसाकडे जाणे ही वरवर पाहता पीछेहाट वाटते. तथापि, दुरुस्तीस सोपा व वळणावर चाक न दुमडणारा ताठ आस त्या परिस्थितीत अधिक शहाणपणाचा होता, असे मानण्यास जागा आहे.

सार्वजनिक वाद : हा तांत्रिक प्रश्न सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचला तो अमेरिकेत. जनरल मोटर्स कंपनीच्या १९६० मधील शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीत एंजिन मागे व आस डोलता होता. दोष आवरण्यासाठी कंपनीने पुढील टायरांत १५ व मागील टायरांत २६ पौंड प्रतिचौरस इंच असा असमान हवेचा दाब सुचविला होता. म्हणजे गाडीचे स्थैर्य पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याच्या दक्षतेवर सोपविले होते. १९६४ मध्ये मागे एक आडवी स्प्रिंग व पुढे कल कमी करणारी दांडी बसविण्यात आली आणि १९६५ च्या नमुन्यात मागील निलंबन पूर्णतः बदलण्यात आले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे अनसेफ ॲट एनी स्पीड हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात कॉर्व्हेअरवर कठोर टीका होती. पुस्तकामुळे उठलेल्या लोकमताचा १९६६ च्या अमेरिकन वाहनसुरक्षा कायद्यास मोठा हातभार लागला. अमेरिकी शासनाच्या महामार्ग सुरक्षा विभागाने पुढे चाचण्या घेऊन, १९६०–६३ मधील कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती असा निष्कर्ष १९७२ मध्ये काढला. या निष्कर्षाने कॉर्व्हेअरचा बचाव होतो. त्या काळातील इतर गाड्यांविषयी मात्र तो फारसे आश्वासक काही सांगत नाही.

सुधारणा : डोलत्या आसाच्या गाडीत मागील स्प्रिंग अधिक ताठ केली की गाडी स्थिर होईल, अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. स्प्रिंग ताठ केल्याने गाडीचे एका बाजूस कलणे कमी होते हे खरे. परंतु कल रोखण्याचे काम मागील चाकांवर पडून बाहेरच्या चाकावरील भार आतल्या चाकाच्या मानाने फार वाढतो. गाडीला उचलणारे बल या तफावतीतूनच निर्माण होते. म्हणून योग्य उपाय उलट दिशेचा आहे. दोन्ही चाके एकदम खाली जाण्यास (म्हणजे गाडी उचलली जाण्यास) विरोध व्हावा, पण एक चाक वर व दुसरे खाली जाण्यास मात्र विरोध होऊ नये आणि कल रोखण्याचे काम पुढील निलंबनाने करावे.

हे तत्त्व पोर्श कंपनीने ३५६ मालिकेतील सुपर ९० या गाडीत वापरले. तीत मागील आसाखाली मध्यभागी खिळविलेली एक पूरक आडवी स्प्रिंग होती. मर्सिडीझ-बेंझने १९५४ च्या ३०० एसएल या पंखासारख्या दारांच्या गाडीतील आस १९५७ च्या उघड्या आवृत्तीत बदलला. नव्या रचनेत दोन्ही बाजूंचा सांधा विभेदकाच्या खाली एकाच बिंदूपाशी आणल्यामुळे तो जमिनीच्या जवळ आला व अर्धआसाची परिणामी लांबी वाढली. शिवाय वर एक आडवी समतोल स्प्रिंगही होती. या रचनेने उचलणारे बल मुळातच कमी केले.

ट्रायम्फने हाच परिणाम आश्चर्यकारक स्वस्ताईने साधला. १९७० च्या मार्क ४ स्पिटफायरमध्ये आडव्या स्प्रिंगचा एकच पाटा विभेदकाला पक्का ठेवून बाकीचे पाटे मध्यभागी मोकळेपणाने डोलू दिले व पुढील कलरोधी दांडी अधिक जाड केली. गाडी कलली म्हणजे स्प्रिंग तराजूच्या दांडीप्रमाणे नुसती झुकते, पण गाडी उचलली जाऊ लागल्यास पूर्ण विरोध करते. १९७३ मध्ये अर्धआस लांबवून मागील चाकांतील अंतर सु. ५ सेंमी. वाढविण्यात आले. इतका सोपा उपाय गाडी बाजारात आल्यानंतर आठ वर्षांनी यावा, ही गोष्ट कंपनीस भूषणावह नाही. स्पिटफायरच्या साट्यावरील सहा सिलिंडरांच्या जीटी ६ गाडीचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १९६६ मध्ये वजनदार एंजिनासह जुनाच आस दिल्याने वृत्तपत्रांनी तिच्यावर टीका केली. १९६८ मध्ये खालचे त्रिकोणी दुवे व रबरी जोड असलेले उत्तम निलंबन तिला मिळाले आणि १९७३ मध्ये ते काढून स्वस्त अशी डोलती स्प्रिंग बसविण्यात आली.

जुन्या गाडीतील फेरफार : १९७० पूर्वीच्या स्पिटफायरमध्ये नंतरची डोलती स्प्रिंग बसविता येते, परंतु तिच्यासोबत जाड पुढील दांडीही बसविणे आवश्यक आहे, अन्यथा गाडी अतिशय कलते. पोर्शसारखी पूरक स्प्रिंग हा दुसरा मार्ग होय. मागील भाग किंचित खाली आणल्यास चाकांचा वरचा भाग आत झुकतो व दुमडण्यास अधिक अवधी मिळतो. मात्र अतिरेक केल्यास स्प्रिंगला दबण्यास जागा उरत नाही. मागे कलरोधी दांडी बसविणे हे डोलत्या आसाच्या गाडीत सर्वथा टाळावे. रुंद व अधिक पकडीचे टायर बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. पकड वाढली की वळणावरील बल वाढते व त्याबरोबर गाडीला उचलणारे बलही वाढते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मूळ गाड्यांना आडव्या-तिरप्या धाग्यांचे टायर होते; आता बहुधा अरीय टायर बसवितात. दोन्ही प्रकार एकत्र वापरणे अनिष्टच, त्यांतही पुढे अरीय व मागे जुन्या प्रकारचे ही जोडी सर्वांत धोक्याची होय.

फेरफारांपूर्वी दुरुस्ती व्हावी, हा क्रम अनेकदा उलटा केला जातो. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत स्प्रिंगचे पाटे बसके झालेले, धक्काशोषकांतील तेल गळून गेलेले, रबरी बुश भेगाळलेले व चाकांची दिशाजुळणी बिघडलेली असते. अशा गाडीच्या मूळ गुणदोषांची परीक्षाच होऊ शकत नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वयाने रबर कडक होऊन पकड जाते.

ट्रायम्फच्या या घराण्यातील पुढील निलंबनाचा एक भाग स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. चाकाच्या उभ्या दुव्याचे खालचे टोक आटे पाडून काशाच्या एका सांध्यात फिरते ठेवलेले असते. त्यात गिअरपेटीचे जाड तेल घालावे, ग्रीज नव्हे, अशी निर्मात्याची सूचना होती. ग्रीज आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. आटे गंजतात, सांधा जखडतो आणि सुकाणू चक्र फिरविताना दुवा मोडून चाक आडवे पडते. गाडी उभी करताना असे झाले तर केवळ खर्च येतो, वेगात झाले तर जीवावर बेतते. म्हणून मागील स्प्रिंग बदलण्यापूर्वी हे दोन्ही दुवे काढून त्यांचे आटे तपासतात व गंज आढळल्यास ते नवीन बसवितात. [⟶ मोटारगाडी].