स्पर्धा, सहकार्य आणि रसायनीचा कारखाना

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. नावाप्रमाणेच हा परिसर रासायनिक कारखान्यांचा आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा केंद्र सरकारचा उद्योग १९६० साली स्थापन झाला आणि त्याचा कारखाना येथे उभा राहिला. रंग, औषधे इत्यादी उद्योगांना लागणारी मूलभूत रसायने देशातच तयार व्हावीत, हा त्यामागील हेतू होता. याच कारखान्यात पुढे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हे द्रव्य अग्निबाणांसाठी तयार होऊ लागले. मानवी अवकाशप्रवासात राष्ट्रांची स्पर्धा व राष्ट्रांचे सहकार्य यांचा परस्परसंबंध कोणता, या प्रश्नाचा विचार या द्रव्याचा मागोवा घेतल्यास अधिक स्पष्टपणे करता येतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या इतिहासाची प्रचलित मांडणी दोन कालखंडांची आहे. १९५७ चा स्पुटनिक, १९६१ चे गागारिन यांचे उड्डाण आणि १९६९ चे चंद्रावतरण हा स्पर्धेचा काळ. १९७५ साली अपोलो व सोयूझ ही याने अवकाशात जोडली गेली, तेव्हापासून सहकार्याचा काळ. ही मांडणी सोयीची असली तरी समाधानकारक नाही. सोव्हिएत संघाने १९७८ पासून इंटरकॉसमॉस योजनेखाली मित्रराष्ट्रांचे वैमानिक अवकाशात नेले. अमेरिकेनेही पुढे आपल्या यानांतून मित्रराष्ट्रांच्या प्रवाशांना स्थान दिले. म्हणजे सहकार्य हे स्पर्धेनंतर आले असे नसून ते स्पर्धेचेच एक साधन होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून साल्यूत ७ या स्थानकाकडे गेले व सुमारे आठ दिवस अवकाशात राहिले, ते याच योजनेखाली. त्या प्रवासाने देशाला अभिमान दिला, काही वैज्ञानिक निरीक्षणेही दिली. परंतु माणूस वाहून नेणारे यान वा प्रक्षेपक बांधण्याची विद्या त्यातून आली नाही. तसा त्या योजनेचा हेतूही नव्हता.

दुसऱ्या प्रकारच्या सहकार्याचे उदाहरण त्याआधी दहा वर्षांचे आहे. फ्रान्स व जर्मनी यांच्या सिंफोनी या दूरसंचार उपग्रहाचे प्रक्षेपण करून देताना त्याचा व्यापारी उपयोग करू नये, अशी अट अमेरिकेने घातली. स्वतःचा प्रक्षेपक असावा हा युरोपचा निर्धार या अनुभवाने दृढ झाला व त्यातून एरियान जन्मास आला. त्याच्या व्हायकिंग इंजिनाच्या कामासाठी फ्रान्सला मनुष्यबळ हवे होते आणि भारताला विद्या हवी होती. १९७४ च्या करारान्वये भारतीय अभियंत्यांनी फ्रेंच संस्थेस आपले श्रम दिले व त्यांच्या मोबदल्यात इंजिनाचे तंत्रज्ञान मिळविले. तेच पुढे 'विकास' इंजिन झाले. मित्रांमधील स्पर्धेने येथे तिसऱ्या राष्ट्राशी सहकार्याची वाट मोकळी केली.

परंतु आराखडे हाती आले म्हणजे इंजिन चालते असे नाही. विकास इंजिनात हायड्रॅझीन वर्गातील इंधन आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड ही द्रव्ये एकत्र येताच ठिणगीवाचून पेट घेतात. यांतील दुसरे द्रव्य ज्वलनास लागणारा ऑक्सिजन पुरविते. ते विषारी व दाहक असून सुमारे २१ अंश सेल्सियसला उकळते. म्हणजे कोकणच्या साध्या हवेतही त्यास बंद पात्रात, दाबाखाली सांभाळावे लागते. असे द्रव्य नियमितपणे पुरविण्याचे काम रसायनीने केले. इंजिनांच्या बांधणीत मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा वाटा राहिला. परदेशी करार देशी कौशल्यात रुजला, तो अशा ठिकाणी.

याच्या उलट क्रायोजेनिक इंजिनाचे उदाहरण आहे. १९९१ साली सोव्हिएत संस्थेशी करार झाला. १९९२ साली अमेरिकेने निर्बंध लादले. १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून केवळ तयार इंजिने देण्याचे मान्य केले. तेथे विद्या अद्याप देशात उतरली नव्हती, म्हणून तिसऱ्याच्या दडपणाने करार मोडू शकला आणि ते इंजिन भारतास पुढे स्वतःच्या प्रयत्नाने घडवावे लागले.

यावरून स्वावलंबन असल्यास सहकार्य अनावश्यक ठरते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. गगनयान मोहिमेच्या चार वैमानिकांनी रशियात शिक्षण घेतले; त्यांपैकी शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अमेरिकी यानातून, पोलंड व हंगेरीच्या सहप्रवाशांसह, आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. तथापि १९८४ आणि २०२५ यांत एक भेद आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या प्रवासी-सुटका यंत्रणेची उड्डाणचाचणी झाली, ती सुधारित विकास इंजिनाच्या बळावर. आणि गगनयानासाठी निवडलेल्या एल.व्ही.एम.-३ प्रक्षेपकाच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिने आहेत. १९८४ साली केवळ आसन स्वीकारणारे राष्ट्र आता स्वतःच्या वाहनाची तयारी करीत असताना सहकार्य करीत होते. सहकार्याचे मोल आसनावरून नव्हे, तर त्यानंतर देशात काय उरते यावरून ठरवावे लागते.

रसायनीच्या कथेचा शेवट विचार करावयास लावणारा आहे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला; केवळ टेट्रॉक्साइडचा विभाग सुमारे २० एकर जमिनीसह भारतीय अवकाश संशोधन संस्थेकडे सोपवावयाचे ठरले. ज्या कारखान्याच्या कुशीत तो वाढला, तो कारखाना मिटला. बंद पडलेल्या कारखान्याची दप्तरे फार काळ टिकत नाहीत आणि कामगारांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच जातात. अवकाशवीरांची चरित्रे लिहिली जातील. त्यांची चिंता नको. परंतु हे विषारी द्रव्य वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या माणसांची साक्ष वेळीच नोंदविली नाही, तर या इतिहासातील आसन तेवढे आपल्यापाशी राहील आणि त्याखालील इंधन विस्मृतीत जाईल. पनवेल परिसरातील अभ्यासकांना हे काम घराजवळचे आहे. ते आता हाती घेतले पाहिजे.