ओस्टेंडचा अज्ञातवास

फेब्रुवारी १९८१. कॉलर वर करा. तुम्ही बेल्जियमच्या ओस्टेंड बंदरावर उभे आहात आणि उत्तर समुद्राचा वारा कान बधिर करतोय. समुद्र, वाळू, आभाळ, सगळं एकाच राखी रंगाचं. उन्हाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसते. आत्ता चिटपाखरू नाही. इंग्लंडहून आलेल्या बोटीतून माणसं उतरताहेत. त्यांत एक उंच, दाढीवाला माणूस आणि त्याच्याजवळ पाच वर्षांचा मुलगा. कुणी वळूनही बघत नाही. तुम्ही मात्र ओळखलंत: मार्विन गे.

दहा वर्षांपूर्वी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ करून अमेरिकी सोल संगीताची दिशा बदलणारा हाच. आता डोक्यावर अमेरिकी आयकर खात्याची लाखो डॉलरची थकबाकी, पाठीमागे दोन मोडलेले संसार, आणि लंडनमध्ये कोकेनचं व्यसन हाताबाहेर गेलेलं. त्यातच ज्या मोटाउन कंपनीत वीस वर्षं काढली तिनं त्याचा अर्धवट अल्बम परस्पर नव्यानं मिक्स करून बाजारात आणलाय. ‘इन अवर लाइफटाइम’ या नावापुढे त्यानं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तेवढंही राहू दिलं नाही. आता मोटाउनसाठी गायचं नाही, असं त्यानं ठरवलंय.

त्याला इथं आणलंय फ्रेडी कुसार्टनं. सोल संगीताचं वेड असलेला, गाण्याचे कार्यक्रम भरवणारा हा स्थानिक माणूस. तो मार्विनला समुद्राकाठच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर फ्लॅट बघून देतो. फोन खिशात ठेवा. इथं त्याला गाठायला कुणी येत नाही, आणि ती त्याच्या दृष्टीनं चैन आहे. पुढचे काही आठवडे तुम्ही नुसते मागे मागे फिरा. सकाळी तो वाळूवर धावतो. सायकल चालवतो, बॉक्सिंगचा सराव करतो. संध्याकाळी पबमध्ये गावकऱ्यांबरोबर डार्ट्स खेळतो. दिग्दर्शक रिशार ऑलिव्हिए त्याच्यावर ‘ट्रान्झिट ओस्टेंड’ हा माहितीपट करतोय. कॅमेऱ्यामागे उभे राहा. चर्चमध्ये मार्विन एकही वाद्य न घेता येशूनं शिकवलेली प्रार्थना गातो. बाप पेंटेकॉस्टल धर्मोपदेशक. हा गळा आधी देवळातच घडला. माझं मत विचाराल तर पुढे गाजलेल्या अल्बमपेक्षा हे गाणं मोठं. मागे ठेका नाही, पुढे गिऱ्हाईक नाही.

जुलैत तो ओस्टेंडच्याच कुरसालमध्ये कार्यक्रम करतो. जाताना तिथलं दालन नीट बघून ठेवा. पुढे याच इमारतीत पियानोवर बसलेला त्याचा ब्राँझचा पुतळा बसवतील.

आता १९८२. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या लार्किन अरनॉल्डनं मोटाउनशी घासाघीस करून त्याला सोडवून घेतलंय, आणि आता सीबीएसला अल्बम हवाय. तुम्ही ब्रसेल्सच्या दक्षिणेला, वॉटर्लूच्या रणभूमीजवळच्या ओआँ गावात पोहोचता. गायक मार्क आर्यनचा ‘स्टुडिओ केटी’ इथं आहे. ध्वनिमुद्रणाला इंग्रज माइक बुचर. गंमत म्हणजे हा गृहस्थ त्याआधी ‘ब्लॅक सॅबथ’ या कानठळ्या बसवणाऱ्या कंपूबरोबर काम करून आलेला! दार हळू लावा आणि कोपऱ्यात बसा.

ढोल वाजवणारा शोधताय? नाही मिळायचा. टेबलावरचा तो करडा डबा बघा: रोलंड कंपनीचं टीआर-८०८. खाली ओळीनं सोळा बटणं, तांबडी, नारिंगी, पिवळी, पांढरी. एक बटण म्हणजे मात्रेचा एक तुकडा. ज्या जागी आवाज हवा ते दाबायचं आणि यंत्र तेच आवर्तन न थकता फिरवत बसतं. तेव्हाच्या महागड्या लिन यंत्रात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते आणि किंमत होती सुमारे पाच हजार डॉलर. रोलंडचा डबा त्याच्या पाव किमतीत. त्यात मुद्रित काही नाही, विजेच्या मंडलांतूनच टाळी, घंटा, खर्जातला ठोका निर्माण होतो. खऱ्यासारखा अजिबात वाटत नाही, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. रोलंडनं १९८३ मध्ये तो बनवणंही थांबवलं.

मोटाउनमध्ये या माणसाच्या मागे ‘फंक ब्रदर्स’सारखे कसलेले वादक बसायचे. इथं ओडेल ब्राऊनचा कीबोर्ड, गॉर्डन बँक्सची गिटार, आणि बाकीची बहुतेक वाद्यं तो स्वतःच वाजवतोय. घरापासून हजारो मैलांवर वादकांचा ताफा आणायचा तरी कुठून? पण यंत्र जागा मोकळी सोडतं, आणि त्या मोकळ्या जागेत मार्विन आपलेच आवाज एकावर एक चढवत जातो. एक आर्जवी, एक खरखरीत, एक वर तरंगणारा. सगळे मार्विन एकमेकांशी बोलताहेत आणि एकालाही घाई नाही. हे गाणं म्हणजे ‘सेक्शुअल हीलिंग’. शब्दांच्या श्रेयावरून चरित्रकार डेव्हिड रिट्झबरोबर पुढे कोर्टकज्जा झाला. त्यात आपण पडायला नको.

खरं सांगायचं तर ‘मिडनाइट लव्ह’ अल्बममधली उरलेली गाणी या एका गाण्याच्या पासंगाला पुरत नाहीत. काही तर नाचायला बरी, इतकीच. पण हे एक गाणं अमेरिकेतल्या आर-अँड-बी यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून राहिलं आणि त्याला आयुष्यातले पहिले दोन ग्रॅमी मिळवून दिले. कंपनीच्या हिशेबात पुनरागमन झालं.

आई आजारी आहे, म्हणून तो अमेरिकेला परत निघालाय. तुमच्या जिभेवर तारीख आलीये: १ एप्रिल १९८४. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लॉस एंजेलिसमधल्या घरात, बापानं झाडलेल्या गोळ्या. ओस्टेंडमध्ये दाराशी कुणी येत नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये जुनी माणसं, जुनी पांढरी पूड, जुना बाप. जाऊ नकोस, असं तुम्ही ओरडलात तरी त्याला ऐकू जाणार नाही. ज्या गाण्यानं त्याची सुटका केली, तेच त्याला परत बोलावतंय.

त्याआधी एक थांबा घेऊ. १३ फेब्रुवारी १९८३, इंगलवुडचं ‘फोरम’. बास्केटबॉलचा ऑल-स्टार सामना. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, करीम अब्दुल-जब्बार, ज्युलियस एर्व्हिंग रांगेत उभे. निळा सूट, काळा चष्मा घातलेला मार्विन माइकपाशी येतो. सगळे राष्ट्रगीतासाठी ताठ. आणि लाउडस्पीकरमधून यंत्राचा तोच सैल, रेंगाळणारा ठेका सुरू होतो. क्षणभर लोक गोंधळतात. तो मात्र निवांत, शब्दन् शब्द लांबवत, जणू राष्ट्राला नव्हे, समोर बसलेल्या एकाच माणसाला गाऊन दाखवतोय. शेवटाकडे येता येता अख्खं फोरम ठेक्यावर टाळ्या देऊ लागतं. राष्ट्रगीताला टाळ्या वाजवायच्या असतात का, हा प्रश्न तुमच्या मनात उमटेपर्यंत तुमचेही हात वाजायला लागलेले असतात.