फॅरारबाईंची शाळा

आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना रेव्हरंड टिळक पाठ असतात, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत असतात. सिंथिया फॅरार यांचे नाव मात्र क्वचितच निघते. मला ही बाई फार मोठी वाटते.

न्यू हॅम्पशरची ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ साली इथेच वारली. इतकी वर्षे काम एकच: मुली गोळा करायच्या आणि त्यांना लिहा-वाचायला शिकवायचे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अशा कामाला रकाना नसतो.

एकदा फॅरारबाईंची नगरमधली शाळा पाहायला सदाशिव गोवंडे आपल्या पुण्याच्या मित्राला घेऊन आले. तो मित्र म्हणजे जोतीराव फुले. वर्गात त्यांनी पाहिले ते काय, तर धडा वाचणाऱ्या मुली. १८४८ साली भिडेवाड्यात त्यांची स्वतःची शाळा उभी राहिली. ही प्रेरणा फॅरारबाईंच्या शाळेतून मिळाली, हे जोतीरावांनी १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्राला स्वतःच सांगितले.

चांगले असे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वाईटही असेच पसरते, हे पुण्याने त्याच काळात दाखवले. आधी शाळेबद्दल कुजबुज, मग जोतीरावांच्या वडिलांवर दडपण. शेवटी मुलगा आणि सून सावित्रीबाई घराबाहेर पडली. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली गेली. ती फेकणाऱ्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. पण पहिली कुजबुज करणाराही त्या शेणाचा वाटेकरी होता, असे मी मानतो.

चांगले कसे पसरते? मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एक बाई पिठात खमीर लपवते. खमीर एकदा पिठात गेले की त्यावर तिची मालकी उरत नाही, हे आपण उपदेशात सोडून देतो. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. म्हणून फॅरारबाईंचे श्रम वाया गेले असे म्हणणाऱ्याला तो दाखला समजलाच नाही.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ने छापला. हे पत्र १८४२ साली नगरमध्येच सुरू झाले होते. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: खमिराचा दाखला सांगाल तेव्हा फॅरारबाई, जोतीराव आणि मुक्ता ही तिन्ही नावे मुलांना सांगा.