अंगावरचे चुंबक

कारागिराला दोन हात कधीच पुरलेले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर शिंप्याच्या दुकानात डोकावून पाहावे. एका हातात कापड, दुसऱ्या हातात कात्री आणि टाचण्या ओठांत! गिऱ्हाईकाशी तो बोलतो तोही टाचण्यांच्या फटीतून. सुताराच्या कानावर पेन्सिल असते आणि दातांत चुका असतात. कोकणात माडा-पोफळीच्या बागेत राबणारा गडी कमरेला मागे आकडी बांधतो व तीत कोयती अडकवतो. झाडावर चढताना हात मोकळे आणि कोयती मात्र हाताच्या टप्प्यात. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात जो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याही कमरपट्ट्याला एक चामड्याची पिशवी होती आणि तीत गारेची लहान हत्यारे व हाडाची आरी नीट ठेवलेली होती. युरोपातल्या घरंदाज बायका कमरेला साखळ्यांचा झुबका लटकवीत. त्यात कात्री, अंगुस्तान, सुयांची डबी असे. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या छल्ल्याची ती थोरली बहीणच म्हणायची.

मोठ्या हत्यारासाठी आकडी झाली, पिशवी झाली. अडचण सगळी बारीक वस्तूंची. टाचणी, चूक, खिळा, स्क्रू ही मंडळी पिशवीत टाकली की शोधता शोधता काम थंडावते, आणि जमिनीवर ठेवली की पायात जातात. म्हणून सगळ्या देशांतल्या कारागिरांनी तोंड हाच खिसा केला. खुर्च्या-कोचांना कापड चढविणारे पाश्चात्य कारागीर तर मूठभर चुका तोंडात भरीत आणि जिभेने एकेक पुढे ढकलीत. त्यांच्या हातोडीचे एक तोंड चुंबकाचे असे. ते ओठांपाशी नेले की चूक आपोआप चिकटे व तशीच लाकडात ठोकली जाई. पाहणाऱ्याला हा जादूचा खेळ वाटे. पण अशी एखादी वस्तू घशातून श्वासनलिकेत उतरली म्हणजे काय होते, ते फिलाडेल्फियाच्या डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांना विचारायला हवे होते. १८६५ ते १९५८ एवढे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या डॉक्टरांनी माणसांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि फुप्फुसांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या. तिथल्या म्यूटर संग्रहालयात खणांतून मांडलेल्या त्या आजही पाहायला मिळतात. त्यांत टाचण्या आहेत, खिळे आहेत, बटणे आहेत.

मग मनात येते, लोखंड ओढणारा दगड तर माणसाला पुरातन काळापासून ठाऊक. तो मनगटाला बांधावा हे कुणाला का सुचले नाही? सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेले लोखंडी शल्य अयस्कान्ताने, म्हणजे चुंबकाने, ओढून काढण्याचा उपाय दिला आहे. आणि तोही विवेकाने, शल्याला उलटे काटे नसावेत व जखमेचे तोंड पुरेसे रुंद असावे असे सांगून. सतराव्या शतकात फाब्री नावाच्या शस्त्रवैद्याला एका रोग्याच्या डोळ्यातला पोलादाचा कण निघेना, तेव्हा चुंबक लावून पाहण्याची युक्ती त्याच्या पत्नीला सुचली. ते श्रेय त्याने तिला लेखी दिले, हे नवऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा ज्ञानाची उणीव नव्हतीच.

कामगाराच्या अंगावर चुंबक चढविण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो इंग्लंडातल्या शेफील्ड गावी, आणि तोही हत्यारे सांभाळण्यासाठी नव्हे, श्वास सांभाळण्यासाठी. शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचे माहेर. सुऱ्यांची पाती पाणी सोडलेल्या दगडावर घासली जात. पण जेवणाचे काटे आणि सुयांच्या अण्या कोरड्या दगडावर. घासणारा दगडावर ओणवा होऊन बसे आणि पोलादाची व दगडाची धूळ दिवसभर छातीत घेई. तिथल्या डॉ. नाइट यांनी लिहून ठेवले आहे की, कोरड्या दगडावर काटे घासणारे तिशीच्या आसपासच मरत.

त्या गावात जे. एच. अब्राहम नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी दगडाभोवती चुंबके बसविली, आणि कामगाराच्या तोंडाला बांधण्यासाठी चुंबकाचे एक मुखावरण तयार केले. श्वास त्यातून गाळून यायचा आणि पोलादाचे कण चुंबकाला चिकटून राहायचे. १८२२ च्या सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने मास्तरांना या कल्पनेबद्दल सुवर्णपदक दिले. जॉन हर्शेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने आपल्या १८३० च्या ग्रंथात चुंबकी मुखवट्याचे कौतुक केले. सर्वांनी वाहवा केली. फक्त ज्याच्यासाठी तो केला, त्या कामगाराने तो घातला नाही.

असे का व्हावे? फ्रीड्रिख एंगल्सने १८४५ साली याचे कारण नमूद केले आहे. मरण लवकर म्हणूनच मजुरी चढी, असा त्या धंद्याचा हिशेब होता. धोका टळला तर चार नवे हात धंद्यात शिरतील आणि मजुरी उतरेल, या भीतीने घासणाऱ्यांनी असली संरक्षक साधने काही ठिकाणी मोडूनसुद्धा टाकली. वाचताना राग येतो, पण कुणावर रागवावे ते कळत नाही. घरात चार तोंडे असलेल्या माणसाने उद्याच्या खोकल्यापेक्षा आजच्या भाकरीला वजन दिले, तर त्याला मूर्ख म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. मूर्खपणा कुणाचा असेलच तर तो अशा हिशेबाचा.

आणि यातली खरी शोकांतिका पुढेच आहे. चुंबक फक्त पोलाद धरते, दगडाची धूळ नाही. फुप्फुसे निकामी करणारी मुख्य वैरीण ती दगडाचीच बारीक धूळ, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे मास्तरांचा मुखवटा इमानाने घातला असता, तरी तो पुरता तारणारा नव्हताच. मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कितीतरी मजुरांचा बळी याच धुळीने घेतला. ज्या पेन्सिलीने आपल्या मुलांनी श्रीगणेशा गिरवला, तिची ही दुसरी बाजू.

शेफील्डचा मुखवटा मागे पडला. टाचण्या-खिळे धरणारे चुंबक कारागिराच्या अंगावर यायला मात्र आणखी दीडशे वर्षे लागावीत, याला कारण निराळे होते. जुने पोलादी चुंबक आखूड केले की स्वतःचेच बळ गमावून बसे. म्हणून ते लांब कांबीचे किंवा घोड्याच्या नालाच्या आकाराचे करीत आणि टोकांवर लोखंडी पट्टी ठेवून जपत. शाळेच्या कपाटातला तो लाल नाल आठवावा. तो मनगटाला बांधून कोण काम करील? जपानात कोतारो होंडा यांनी १९१७ साली कोबाल्ट मिसळून अधिक चिवट चुंबकी पोलाद काढले. १९३१ मध्ये मिशिमांनी लोखंडात निकेल व अॅल्युमिनियम घालून त्याच्यावर ताण केली. पुढे लोखंडाच्या गंजापासून भाजून काढलेली, चिनीमातीसारखी ठिसूळ पण स्वस्त चुंबके आली; फ्रिजचे दार घट्ट मिटते ते त्यांच्याच जोरावर. शेवटी १९८० नंतरच्या तीन-चार वर्षांत जपानात सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक सिद्ध केले. बटणाएवढी चकती, पण पकड अशी की बोट सापडले तर रक्त साकळावे.

अशा चकत्या कापडी पट्ट्यात शिवल्या की झाला मनगटावरचा पट्टा. सुतार त्यावर स्क्रू आणि ड्रिलची पाती चिकटवतो, शिंपी टाचण्यांचा गठ्ठा. उंच शिडीवरच्या वायरमनला वस्तू पडली म्हणून चार वेळा खाली उतरावे लागत नाही. या वेळी कारागिराने कुरकुर केली नाही, कारण यात मजुरी घटत नाही, वेळ वाचतो. पट्ट्याच्या मर्यादाही आहेत. पितळी स्क्रू त्याला चिकटत नाही, अॅल्युमिनियमचा रिव्हेट नाही. छातीत पेसमेकर बसविलेल्याने तो जवळ बाळगू नये. आणि घरात लहान मूल असेल तर सुटी चकती कधी इकडेतिकडे पडू देऊ नये. दोन चकत्या पोटात गेल्या तर आतड्यांच्या भिंती मधे धरून एकमेकींना चिकटतात, आणि मग शस्त्रक्रियाच करावी लागते.

एवढ्या कारागिरांत एकटा घड्याळजी या पट्ट्याला हात लावीत नाही. चुंबकाचा वारा लागला की घड्याळातली केसासारखी स्प्रिंग वेढ्याला वेढा चिकटवून बसते आणि घड्याळ पुढे धावू लागते. त्याच्या टेबलावर उलट काम करणारे यंत्र असते. चिमट्यात चुकून शिरलेले चुंबकत्व काढून टाकणारे.