थॉमस लिंकनची सही

लाकडी खोपटात जन्मलेल्या अब्राहम लिंकनची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच्या बापाचे नाव विचारा, भलेभले गप्प बसतील. मौज अशी की, खुद्द लिंकनलाही आजोबांच्या पलीकडचे फारसे काही सांगता येत नव्हते. १८४८ साली मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थाने पत्र पाठवून घराण्याची चौकशी केली, तेव्हा त्याने माहीत होती तेवढी नावे कळवली. पुढे संशोधकांनी धागा लावला तो असा : मूळपुरुष सॅम्युएल लिंकन हा विणकर १६३७ साली इंग्लंडहून आला आणि याच हिंगहॅममध्ये स्थायिक झाला. आपल्या मूळ गावाहूनच पत्र आले आहे, हे लिंकनला कळलेच नाही!

बाप थॉमस, जन्म १७७८, व्हर्जिनियातला. केंटकीत शेतावर काम करताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात त्याचे वडील ठार झाले. धाकट्या थॉमसला पळवणार तोच थोरल्या मॉर्डेकायने घरातून गोळी झाडून त्याला वाचवले. लिंकनच्या घरात हे साल १७८४ सांगत. अभ्यासक आता १७८६ मानतात. आठवण घटना विसरत नाही, साल विसरते. त्या वेळच्या कायद्याने मिळकत थोरल्याकडे गेली आणि थॉमस मोलमजुरी करत वाढला, सुतार झाला.

असल्या माणसाचा माग काढायचा कसा? १७९० ते १८४० च्या अमेरिकन खानेसुमारीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे; बायकामुले वयाच्या रकान्यांत नुसते आकडे. प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव प्रथम लिहिले गेले १८५० मध्ये, आणि गुलामांना तेव्हाही नाव नव्हतेच. लिंकनची आई नॅन्सी हँक्स तर १८१८ सालीच वारली होती. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचे दूध पिण्यात येऊन होणारा तो आजार. तिच्या नावाने खानेसुमारीचा कागद सापडावा कुठून?

आणि नेमके तिच्याच लग्नाविषयी लोक कुजबुजू लागले. हार्डिन काउंटीच्या दप्तरात शोध झाला. लग्नाची नोंद मिळेना. लिंकनच्या खुनानंतर तर जिभांना हाडच उरले नाही. राष्ट्राध्यक्षाच्या जन्मावरच डाग! तो १८६५ मध्ये गेला, ती नोंद न पाहताच.

नोंद मुळात हरवली नव्हतीच. ती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, स्प्रिंगफील्ड गावच्या कचेरीत होती. (लिंकनचे इलिनॉयमधले गाव स्प्रिंगफील्डच, हे दुसरे.) १८७८ साली तिथे १० जून १८०६ चा विवाहाचा जामीनखत सापडला, आणि जेसी हेड या पाद्र्याने लावलेल्या लग्नांच्या यादीत १२ जून ही तारीख. नॅन्सीच्या स्वतःच्या जन्माचा वाद मात्र पुढे दीडशे वर्षे चालला. २०१५ मध्ये आईकडून उतरणाऱ्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने ल्यूसी हँक्स हीच तिची आई, या बाजूने कौल दिला.

थॉमसला मात्र चरित्रकारांनी आळशी, भणंग ठरवून टाकले होते. १९२० नंतर लुई वॉरनने केंटकीतली कराची दप्तरे चाळली. त्यात जमीन विकत घेणारा, कर भरणारा, पंच म्हणून कोर्टात बसणारा गृहस्थ निघाला. १८१६ साली त्याने केंटकी सोडले ते काहीसे गुलामगिरीमुळे, आणि बरेचसे जमिनीच्या मालकीच्या भांडणांमुळे. कागदाला कोणाची भीड नसते, हे बरे.

मुलगाही त्याच्याशी फारसा उदार नव्हता. १८५१ च्या जानेवारीत बाप मरणपंथाला लागला असता लिंकन भेटीला गेला नाही, अंत्यविधीलाही नाही. भेटीने सुखापेक्षा क्लेशच होतील, असे त्याने कळवले. मला हे वाचून वाईट वाटते. पण घराण्याच्या बायबलातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिल्या त्यानेच.

आपल्या बापाला जेमतेम स्वतःचे नाव लिहिता येई, असेही त्याने लिहून ठेवले आहे. १८०६ च्या त्या जामीनखताखाली अंगठा नाही. नवऱ्या मुलाने, अडखळत का होईना, स्वतःच्या हाताने लिहिले आहे : थॉमस लिंकन.